‘नुसत्या सजावटी’चं मोल

घर चालवणाऱ्या बाईला ‘तू दिवसभर करतेस तरी काय?’ असं विचारलं जातं, हे आपल्याला नवीन नाही. या प्रश्नावर आपण शिबिरं घेतली, पथनाट्यं केली, घरकामाच्या तासांचे तक्ते भिंतीवर लावले. पण हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रातही विचारला जातो, हे मला गेल्या काही वर्षांत कळलं. सगळं तर्काने आणि मोजूनमापून चालतं असा ज्या क्षेत्राविषयी आपला समज आहे, तिथंसुद्धा एका कामाला ‘नुसती सजावट’ म्हणून खालच्या पायरीवर बसवलेलं आहे. त्या कामाचं नाव सीएसएस.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती. संगणक हा माझा विषय नाही. परंतु आमच्या संस्थेत तरुण मुलींच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आहे. त्यातल्या काहीजणी वेबसाइट बनवण्याच्या कामात गेल्या. कुणी छोट्या कंपनीत लागली, कुणी लग्नानंतर घरून कामं घेऊ लागली. त्यांचे थकलेले पैसे, रात्रीची जागरणं, सासरच्यांचे टोमणे हे सगळं माझ्यापर्यंत येत राहिलं. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून हे काम नेमकं असतं तरी काय, ते समजून घेतलं. समजलं ते असं की हा प्रश्न स्त्री चळवळीचा आहे, आणि आपण अजून त्याच्याकडे पाहिलेलंच नाही.

काम असतं तरी काय?

आपण एखादं पान मोबाइलवर उघडतो तेव्हा त्यात दोन गोष्टी असतात. एक मजकूर : शीर्षक, परिच्छेद, चित्रं, अर्जाचे रकाने. दुसरी त्याची मांडणी : अक्षर किती मोठं, कुठल्या रंगाचं, दोन ओळींत अंतर किती, बटण कुठे, स्क्रीन लहान असेल तर कशाच्या खाली काय यावं. ही मांडणी ज्या नियमांनी सांगितली जाते ते नियम म्हणजे सीएसएस. आपल्या अंकाच्या बाबतीत लेख लिहिणारी वेगळी आणि पानं लावणारी वेगळी असते. पानं नीट लागली नाहीत तर चांगला लेखही कुणी वाचत नाही, हे अंक काढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. फरक इतकाच की छापील पान एकदा लागलं की लागलं. वेबसाइटचं पान मात्र चार इंची मोबाइलवर, कचेरीतल्या मोठ्या स्क्रीनवर, चष्मा लावणाऱ्या आजींच्या फोनवर, प्रत्येक ठिकाणी नव्याने लागत असतं. ते कुठे, कसं उघडलं जाईल हे मांडणी करणारीला आधी माहीत नसतं. तरीही ते सगळीकडे नीट दिसलं पाहिजे, ही जबाबदारी तिचीच.

या नियमांची कल्पना होकोन व्यूम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. त्यांना बर्ट बॉस येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. या कल्पनेचा गाभा मला फार आवडला. पान कसं दिसावं यात लिहिणाऱ्याचं मत आहे, तसं वाचणाऱ्याचंही असलं पाहिजे, आणि दोघांच्या नियमांचा मेळ घालण्याची एक रीत असली पाहिजे, असा तो विचार होता. सीएसएसच्या नावातला पहिला शब्द या धबधब्यासारख्या उतरत्या क्रमावरूनच आला आहे. नियम वरून खाली येतात आणि दोन नियमांत भांडण झालं तर कुणाचं चालेल ते ठरलेलं असतं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर असा बदल केला की वाचकाने एखादा नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवला, तर तो लिहिणाऱ्याच्या नियमाच्या वरचढ ठरेल. ज्यांना मोठी अक्षरं किंवा वेगळे रंग हवेत, त्यांच्यासाठी ही सोय होती. आज स्वतःचे नियम लिहिण्याची सोय वाचकाला सहजासहजी मिळत नाही. फोनवर अक्षर मोठं करणं, गडद पडदा निवडणं एवढंच हाती उरलं आहे. तेवढ्या निवडीचाही मान राखायचा की नाही, हे शेवटी मांडणी करणारीच्या हातात असतं.

अडचणी कुठल्या?

पहिली अडचण जुनी आहे. नियम कागदावर ठरले तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर ते आपापल्या पद्धतीने पाळत. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या चौकटीची रुंदी मोजताना आतली मोकळी जागा आणि कड त्यातच धरत. नियम म्हणत होता की वेगळी मोजा. परिणामी एकच पान एका ठिकाणी नीट तर दुसऱ्या ठिकाणी मोडलेलं. कंपन्यांच्या स्पर्धेचा भार काम करणाऱ्यांवर पडला. एकाच पानासाठी दुहेरी-तिहेरी काम करणं त्यांच्या नशिबी आलं. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये अखेर बंद केला.

स्तंभ पाडण्यासारखी साधी गोष्टसुद्धा वर्षानुवर्षं आडवाटेने करावी लागत होती. आधी तक्ते वापरत, मग चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा म्हणून केलेली सोय वाकवून वापरत. आडव्या-उभ्या जाळीवर पान मांडण्याची ‘ग्रिड’ ही सरळ पद्धत मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली. तिच्या नियमावलीच्या संपादकांत एलिका एटेमाड ही बाई आहे. रॅचेल अँड्रू आणि जेन सिमन्स या दोघींनी भाषणं देऊन, लिहून ती जगभरच्या कामकऱ्यांपर्यंत पोचवली. ही नावं आपल्या मुलींना शिकवताना सांगितली पाहिजेत.

दुसरी अडचण अशी की सीएसएस चूक दाखवत नाही. संगणकाच्या इतर भाषांत चूक झाली की काम थांबतं आणि निरोप येतो. इथे एखादी ओळ चुकली तर ब्राउझर ती मुकाट्याने सोडून देतो आणि पुढे जातो. पान उघडतं, पण कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं. ते शोधायचं डोळ्यांनी. शिवाय नियम सगळ्या पानांना मिळून लागू असल्यामुळे एके ठिकाणी दुरुस्ती केली की दुसरीकडे मोडतं. घाईत असलेला माणूस मग ‘हे महत्त्वाचं’ अशी खूण प्रत्येक नियमाला लावत सुटतो. घरात सगळेच ओरडून बोलू लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं होतं. नंतर येणारी मुलगी तो गुंता दिवसेंदिवस सोडवत बसते आणि संध्याकाळी तिला सांगितलं जातं, ‘काही फरक तर दिसत नाही!’

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? झालं तर दिसत नाही आणि नाही झालं तर लगेच दिसतं. घरकामाची व्याख्या करायला आपण हेच शब्द वापरत आलो.

आपल्या भाषेची अडचण

तिसरी अडचण खास आपली आहे, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्या मुलींना ती कुणी शिकवत नाही. बहुतेक तयार मांडण्या रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या असतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो, किंवा चौकटीच्या कडेला कापला जातो. शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षराअक्षरांत जागा सोडण्याची इंग्रजी पद्धत आहे. मराठीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. इंग्रजीत एका शब्दाचं बटण मराठीत ‘अर्ज सादर करा’ असं तीन शब्दांचं होतं, आणि ठरावीक रुंदीच्या बटणातून शेवटचा शब्द गायब होतो. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दिसायचा असेल तर मजकूर मराठी आहे, हिंदी नाही, हे पानाला वेगळं सांगावं लागतं आणि फॉण्टही तसा निवडावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’सारखा चांगला आणि विनामूल्य फॉण्ट आज उपलब्ध आहे. पण तो निवडायचा, त्याचं वजन किती, कमी डेटा असलेल्या फोनवर तो किती वेळात उतरेल, हा विचार कुणीतरी करावा लागतो. या विचाराला कामाच्या हिशेबात वेगळा रकाना नसतो.

बायकांचं त्यात काय अडतं?

कुणी म्हणेल, अक्षर थोडं कापलं गेलं तर काय एवढं मोठं झालं? वस्तीत बसून अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्तीला विचारा. योजनेचा अर्ज आता मोबाइलवर भरायचा असतो. फोन साधा, काच तडकलेली, बाहेर ऊन. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात सूचना. चाळिशीच्या बाईने दिसावं म्हणून फोनचं अक्षर मोठं केलेलं, त्यामुळे ‘पुढे जा’ हे बटण चौकटीबाहेर गेलेलं. ती बाई म्हणते, ‘ताई, मला नाही समजत हे, मी अडाणी.’ तिला अडाणी ठरवलं ते त्या पानाने. माझ्या कामात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ‘अडाणी’ हा शब्द ऐकला की मी आधी स्क्रीन बघते.

हे केवळ आपल्याकडेच आहे असं नाही. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटींची पहिली पानं तपासते. २०२५ च्या पाहणीत सुमारे ७९ टक्के पानांवर अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक नव्हता. साध्या मजकुरासाठी हा फरक किमान साडेचारास एक असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तो पाळायला सीएसएसची एक ओळ बदलावी लागते. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं कलम आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. त्या प्रकरणात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाल्यामुळे, ओळख पटवताना ‘डोळे मिचका’ असं सांगणारी यंत्रणा त्यांना बाहेर ठेवत होती. त्यांना बाहेर ठेवणारं पान कुणीतरी मांडलेलंच होतं.

हिंसाचाराच्या कामातलं एक उदाहरण देते. अनेक घरांत फोन सामायिक असतो किंवा नवरा तपासतो. एखाद्या दुव्यावर जाऊन आलं की त्याचा रंग बदलतो, ही जुनी रीत आहे. मदतकेंद्राच्या पानावर ‘तक्रार कशी करावी’ हा एकच दुवा रंग बदललेला दिसला तर काय होऊ शकतं? सीएसएसमध्ये दोन्ही रंग सारखे ठेवता येतात. त्याने फोनमधली नोंद पुसली जात नाही, ती वेगळी पुसावी लागते. पण एक धोका तरी कमी होतो. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटींच्या नमुना-संचात २०२३ पासून ‘हे पान सोडा’ असं ठळक बटण आहे. ते दाबताच पान झाकलं जातं आणि हवामानासारखं एखादं साधं पान उघडतं. हे बटण कुठे ठेवायचं, पान खाली सरकवलं तरी ते दिसत राहील ना, थरथरत्या बोटाला सापडेल एवढं मोठं आहे ना, ही सगळी ‘नुसती सजावट’ आहे.

मोल कोण ठरवतं?

आता मूळ मुद्द्याकडे येते. वेबसाइट बनवणाऱ्यांत एक उतरंड आहे. माहितीचा साठा सांभाळणारा वर, जावास्क्रिप्ट लिहिणारा त्याच्या शेजारी, आणि सीएसएस लिहिणारी खाली. ‘हे काही खरं प्रोग्रामिंग नव्हे’ हे वाक्य आमच्या मुलींना पहिल्याच नोकरीत ऐकायला मिळालं. पुढच्या टोकाचं काम करणाऱ्यांतही अशी फाळणी होत आहे, असं ख्रिस कॉयर या जाणकाराने २०१९ मध्ये लिहिलं होतं. मला सीएसएस प्रोग्रामिंगच्या व्याख्येत बसतं की नाही या वादात शिरायचं नाही. मला विचारायचं आहे ते हे, की कठीण कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं?

इतिहास काय सांगतो? १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एनिअ‍ॅक या अवाढव्य संगणकाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. तो चालवण्याचे आराखडे सहा स्त्रियांनी तयार केले होते. यंत्र बनवणं हे पुरुषांचं खरं काम आणि ते चालवायला लावणं हे कारकुनी, म्हणून बायकांचं, अशी तेव्हाची वाटणी होती. त्या दिवशी त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. पुढे प्रोग्रामिंगला पैसा आणि प्रतिष्ठा आली तशा बायका बाजूला पडल्या. उलटही घडतं. अमेरिकेच्या १९५० ते २००० या काळातल्या जनगणनांच्या आधारे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एखाद्या व्यवसायात स्त्रिया वाढल्या की पुढे त्या व्यवसायाचं वेतन घसरतं. आपल्याकडे आशाताईंना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मोबदला’ आणि ‘मानधन’ म्हणतात. शब्द बदलला की हक्क बदलतो.

कायदाही इथे अपुरा पडतो. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढे २०१९ च्या वेतन संहितेत ती तरतूद आली. पण समान वेतन मागायचं तर काम समान ठरायला हवं. एकाच खोलीत, एकाच पानावर काम करणाऱ्या मुलाला ‘इंजिनिअर’ म्हटलं आणि मुलीला ‘डिझाइन साहाय्यक’ म्हटलं की तुलनाच संपते. घरून काम करणाऱ्यांची गत तर बिडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या घरखेप कामगारांसारखी. दर पानामागे पैसे, आणि ‘एवढा रंग बदलून दे’, ‘हे जरा वर घे’ असे फुकटचे फेरे संपतच नाहीत. आमच्या एका मुलीने एका कामासाठी पंधरा वेळा बदल करून दिले. ठरलेल्या रकमेतला शेवटचा हप्ता मात्र ‘मनासारखं झालं नाही’ म्हणून बुडवला गेला. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ती मागताना आपण आता या मुलींनाही त्यात धरायला हवं.

आपल्या दाराशी

टीका बाहेरच्यांवर करून थांबणं सोपं आहे. पण आपल्या प्रशिक्षणांची पत्रकं काढून बघू. शिवण, मेंदी, ब्यूटी पार्लर, आणि आता वेब डिझाइन. ‘मुलींना उपजत सौंदर्यदृष्टी असते’, ‘घरबसल्या करता येतं’ ही वाक्यं स्त्रीसंस्थांच्या पत्रकांतही सापडतात. उपजत म्हटलं की ते कौशल्य राहत नाही, आणि कौशल्य नाही म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. हा सापळा आपल्याला स्वयंपाकाच्या आणि आजारपणाच्या सेवेच्या बाबतीत पुरता ओळखीचा आहे. माझ्या ओळखीच्या मुलींपैकी एकीलाही मांडणी उपजत आली नव्हती. चौकटीचं गणित, नियमांचा अग्रक्रम, लहान-मोठ्या पडद्यांचा अंदाज हे सगळं त्या महिनोन्‌महिने चुकत-माकत शिकल्या.

यावर एक आक्षेप येतो, की आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करून देईल, मग एवढी चर्चा कशाला? यंत्र सीएसएस लिहून देतं हे खरं आहे. पण तडकलेल्या काचेच्या फोनवर, मराठीत, उन्हात ते पान चालतं का, हे बघायला माणूस लागतोच. भीती अशी आहे की लिहिण्याचे पैसे जातील आणि तपासण्याचं काम पुन्हा फुकटात मुलींच्या गळ्यात पडेल. म्हणून मोलाची चर्चा आत्ताच हवी.

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो : पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न असताना हे शिकलेल्या मुलींचं दुखणं कशाला? माझं उत्तर असं की रेशनचा अर्जही आता त्याच पानातून जातो. पान मांडणारी आणि पानापुढे अडलेली अशा दोघी एकाच गाठीने बांधलेल्या आहेत. एकीला वेळ आणि मोल मिळालं नाही की दुसरीचं बटण चौकटीबाहेर जातं.

काय करता येईल? आपल्या संस्थांची वेबसाइट करून घेताना काम आणि बदलांच्या फेऱ्या आधी लिहून ठरवाव्यात, त्यापुढच्या फेऱ्यांचे वेगळे पैसे द्यावेत. पान स्वीकारण्याआधी ते सर्वांत स्वस्त फोनवर, अक्षर मोठं करून, उन्हात उभं राहून, वस्तीतल्या दोन-तीन बायकांच्या हातात देऊन बघावं. देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी रक्कम ठेवावी. लेखिकेचं नाव छापतो तसं मांडणी करणारीचंही नाव द्यावं. प्रशिक्षणात मुलींना सीएसएसबरोबर पुढच्या पायऱ्याही शिकवाव्यात, म्हणजे ती मांडणीत राहील ती स्वतः निवडून. तिला तिथे ढकललं म्हणून नव्हे. आणि हिशेब लिहायला, करार वाचायला, पैसे बुडाले तर मागायला शिकवावं. एकटीने मागणं अवघड जातं, म्हणून या मुलींची बचत गटासारखी एखादी गाठ बांधावी. आमच्याकडे महिन्यातून एकदा अशा काहीजणी जमतात, दर ठरवतात, कोण पैसे बुडवतो ते एकमेकींना सांगतात. सुरुवात लहान आहे, पण गेल्या काही महिन्यांत दोघींचे अडकलेले पैसे त्यातून सुटले.

आपल्या गटात अशा कुणी असतील तर पुढच्या बैठकीत त्यांना बोलतं करा. आणि आपल्या संस्थेच्या वेबसाइटची मांडणी कुणी केली, तिला किती पैसे दिले आणि वेळेवर दिले का, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारा.